आधी नोंद, मग निष्कर्ष

रब्बीच्या दिवसांत लोहा तालुक्यात रात्री जागणारी माणसे कमी नसतात. शेतीपंपाची वीज रात्रपाळीची असली की हरभऱ्याला पाणी द्यायला हातात बॅटरी घेऊन शेत गाठावे लागते. कुणी रानडुकरांच्या भीतीने ज्वारीची राखण करत बसलेला असतो. शहरातल्या माणसापेक्षा या माणसांना आकाश कितीतरी जास्त दिसते. त्यात पूर्वी कधी न पाहिलेलेही काही दिसते. एका ओळीत सरकत जाणारी उपग्रहांची माळ, जळत-तुटत गेलेला एखादा निखारा, किंवा खाली अजून अंधार असताना वर जागच्या जागी लुकलुकणारा पांढरा गोळा. अशा दृश्याचा व्हिडिओ तासाभरात गावोगावच्या मोबाइलवर फिरतो, ‘उडती तबकडी’ असे नाव त्याला मिळते, कुणी हसतो, कुणी घाबरतो आणि दोन दिवसांत विषय संपतो. कुठल्याही दप्तरात त्याची ओळभर नोंद उरत नाही.

जगातल्या सर्वांत बलाढ्य नौदलातही बरीच वर्षे असेच चालले होते.

१४ नोव्हेंबर २००४. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळ, सॅन दिएगोच्या नैर्ऋत्येला, ‘निमित्झ’ या विमानवाहू जहाजाचा ताफा सराव करत होता. ताफ्यातल्या ‘प्रिन्सटन’ या युद्धनौकेच्या रडारवर काही दिवसांपासून न ओळखता येणारे ठिपके दिसत होते. त्या दिवशी हवेत असलेल्या दोन लढाऊ विमानांना तिकडे वळवण्यात आले. कमांडर डेव्हिड फ्रेव्हर आणि दुसऱ्या विमानातल्या अ‍ॅलेक्स डीट्रिक यांना समुद्रावर एक पांढरी, लांबट, पंख नसलेली वस्तू दिसली. ती झपाट्याने हालचाल करत होती आणि पाहता पाहता नाहीशी झाली. नंतर गेलेल्या दुसऱ्या एका वैमानिकाने तिचे अवरक्त कॅमेऱ्याने चित्रण केले. जहाजावर परतल्यावर या वैमानिकांची यथेच्छ थट्टा झाली. म्हणावी अशी चौकशी त्या वेळी झाली नाही. ही हकीकत जगाला कळली ती तेरा वर्षांनी, डिसेंबर २०१७ मध्ये, ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधून. आणि चित्रफिती अधिकृतपणे प्रसिद्ध व्हायला २०२०चा एप्रिल उजाडला.

या प्रकरणाची चर्चा नेहमी त्या पांढऱ्या वस्तूवर येऊन थांबते. खरे तर लक्ष द्यायला हवे ते थट्टेकडे. हसे होईल या भीतीने वैमानिक बोलत नव्हते, आणि ते बोलत नव्हते म्हणून माहिती जमत नव्हती. २०१९ मध्ये अमेरिकी नौदलाने अशा घटना कशा कळवायच्या याची नवी पद्धत घालून दिली. जून २०२१ मध्ये तिथल्या गुप्तचर विभागाने जो प्राथमिक अहवाल दिला त्यात २००४ पासूनच्या १४४ नोंदी होत्या. त्यातल्या बहुतेक नौदलाकडून, नव्या पद्धतीनंतरच्या दोन वर्षांतल्या. अकरा वेळा तर वैमानिकांनी टक्कर थोडक्यात टळल्याचे कळवले होते. १४४ पैकी नक्की उलगडा झाला तो फक्त एका नोंदीचा: हवा जात असलेला मोठा फुगा. उरलेल्या १४३ बद्दल अहवालाने साफ सांगितले की माहितीच अपुरी आहे. बदनामीची धास्ती आणि यंत्रांच्या मर्यादा, अशी दोन्ही कारणेही त्यात लिहून ठेवली.

एकशे त्रेचाळीस हा आकडा मग जगभर गाजला, तो मात्र उलट अर्थाने. ‘अमेरिकेलाही उत्तर सापडेना’ याचे भाषांतर ‘म्हणजे परग्रहावरचेच असणार’ असे झाले. ओळख न पटणे ही वस्तूच्या अंगची गोष्ट नव्हे. ती पाहणाऱ्याच्या माहितीची अवस्था आहे. पोलिसांच्या कागदात ‘अनोळखी इसम’ असे लिहिलेले असते तेव्हा तो इसम चंद्रावरून आला असे कुणी समजत नाही.

समुद्रावर ओळख पटवणे जमिनीपेक्षा अवघड असते, त्याला कारण आहे. जमिनीवर झाड, खांब, घर असते. त्यांच्याशी ताडून अंतर आणि आकार कळतो. पाण्यावर अशी खूणच नसते. २०१५ मध्ये नौदलाच्या विमानाने घेतलेली ‘गो फास्ट’ नावाची एक चित्रफीत प्रसिद्ध आहे. एक ठिपका समुद्राला जणू घासून सुसाट चालला आहे असे तीत दिसते, वैमानिकांचा उत्साही आरडाओरडाही ऐकू येतो. नासाने नेमलेल्या स्वतंत्र समितीने २०२३ मध्ये पडद्याच्या कडेला दिसणारे आकडे घेतले. विमानाची उंची, कॅमेऱ्याचा कोन, अंतर. मग शाळेत शिकवतात त्या त्रिकोणमितीने हिशेब केला. ठिपका समुद्रालगत नव्हताच, तो सुमारे १३ हजार फुटांवर होता. त्याचा वेग ताशी साधारण ६५ किलोमीटर निघाला, म्हणजे त्या उंचीवर वाऱ्यासोबत वाहणाऱ्या वस्तूचाही असू शकेल इतका. सुसाट चालले होते ते विमान. नांदेड-लातूर रस्त्याने एसटीच्या खिडकीतून बाहेर पाहिले की जवळचे बाभळीचे झाड लांबच्या टेकडीसमोरून धावत गेल्यासारखे वाटते, तोच हा प्रकार. झाड धावले अशी तक्रार आजवर कुणी कंडक्टरकडे केलेली नाही, कारण झाड ओळखीचे असते.

दुसरा किस्सा २०१९ मधला, पुन्हा समुद्रावरचाच. युद्धनौकेवरून रात्री घेतलेल्या चित्रणात हिरवे, लुकलुकणारे त्रिकोण दिसत होते. मे २०२२ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीसमोर नौदलाच्या गुप्तवार्ता विभागाच्या अधिकाऱ्याने खुलासा केला: ते ड्रोन होते, अंधारात पाहायच्या दुर्बिणीतून कॅमेऱ्यात प्रकाश शिरताना त्रिकोणाचा आकार आला. याचा उलगडा व्हायला काही वर्षांनी घेतलेले तसेच दुसरे चित्रण उपयोगी पडले. पहिली फीत ‘वेड्यासारखे काहीतरी’ म्हणून पुसून टाकली असती तर ताडून पाहायला काही उरले नसते.

जुलै २०२२ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने या कामासाठी स्वतंत्र कार्यालयच उघडले. त्याच्या नोव्हेंबर २०२४ मधल्या अहवालातले आकडे बोलके आहेत. मे २०२३ ते जून २०२४ या काळात ७५७ नोंदी आल्या. ज्यांचा निकाल लागला त्या फुगे, पक्षी, ड्रोन, उपग्रह निघाल्या. ४४४ नोंदी माहिती अपुरी म्हणून बाजूला ठेवाव्या लागल्या. आणि २१ अशा, ज्यांचा आणखी तपास करण्यासारखा आहे. परग्रहावरच्या तंत्रज्ञानाचा पुरावा एकाही प्रकरणात मिळाला नाही असे या कार्यालयाने २०२४ च्या दोन्ही अहवालांत म्हटले. त्या २१ मध्ये काय आहे ते आज कुणी सांगू शकत नाही आणि सांगू नयेही. पण ४४४ चे दुःख मोठे आहे. वेळ नीट लिहिली नाही, दिशा लिहिली नाही, एवढ्याने त्या कायमच्या मुक्या झाल्या.

भारतीय सैन्याचा याबाबतचा अनुभव लडाखचा आहे आणि तो जास्त शहाणा करणारा आहे. १९६२ चे युद्ध पाहिलेल्या सीमेवर, पँगाँग सरोवराच्या परिसरात, २०१२ च्या ऑगस्टपासून जवानांना आकाशात तेजस्वी वस्तू दिसू लागल्या. सरोवराच्या पलीकडे चीनच्या ताब्यातला प्रदेश. त्यामुळे चिनी टेहळणी ड्रोनचा संशय येणे साहजिक होते. फेब्रुवारी २०१३ पर्यंत ३२९ वेळा दर्शन झाल्याची आणि त्यातल्या १५५ वेळा प्रत्यक्ष ताबारेषा ओलांडल्याची नोंद सैन्याने केली. अखेर बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेला बोलावण्यात आले. लडाखमधल्या हानले येथील वेधशाळा याच संस्थेची. शास्त्रज्ञांनी वस्तू कोणत्या वेळी, कोणत्या दिशेला, क्षितिजापासून किती अंशांवर दिसते ते टिपायला लावले आणि ते ग्रहांच्या पंचांगाशी ताडले. एक शुक्र निघाला आणि दुसरा गुरू.

ही बातमी आली तेव्हा हसण्यावारी नेली गेली. ते अन्यायाचे होते. उणे तापमानात, विरळ हवेत, रात्रभर एका ठिपक्यावर नजर लावून बसलेल्या माणसाच्या डोळ्यांचे काय होते ते आधी समजून घ्यायला हवे. काळ्याभोर पार्श्वभूमीवर एकच प्रकाशबिंदू असेल आणि शेजारी ताडून पाहायला काही नसेल तर तो स्थिर असूनही सरकल्यासारखा, डोलल्यासारखा दिसतो. डोळ्यांची सूक्ष्म हालचाल मेंदू वस्तूच्या नावावर जमा करतो. याला ऑटोकायनेटिक परिणाम म्हणतात. रात्री विमान चालवणाऱ्यांना त्याबद्दल मुद्दाम शिकवले जाते. जागरण आणि भीती यांची भर पडली की शंका खात्रीत बदलायला वेळ लागत नाही. हा डोळ्यांचा आजार नव्हे, वेड नव्हे, अंधश्रद्धाही नव्हे. धडधाकट माणसाचे डोळे असेच चालतात. लडाखचे जवान चुकले असे म्हणण्यापेक्षा त्यांनी ३२९ वेळा नोंद केली हे म्हणणे महत्त्वाचे. नोंद होती म्हणूनच शुक्र सापडला.

सगळेच ठिपके शुक्र नसतात, हेही तितकेच खरे. जानेवारी २०२२ मध्ये अंदमानात पोर्ट ब्लेअरच्या आकाशात फुग्यासारखी वस्तू लोकांनी पाहिली, तिचे फोटो काढले. ती कुणाची, कशासाठी, हे ठरायच्या आत ती समुद्रावर निघून गेली. वर्षभराने, ४ फेब्रुवारी २०२३ रोजी, अमेरिकेने आपल्या पूर्व किनाऱ्याजवळ एक चिनी फुगा क्षेपणास्त्राने पाडला आणि अंदमानच्या फोटोंची पुन्हा आठवण निघाली. त्यानंतरच्या आठवड्यात अमेरिकेने घाईघाईने आणखी तीन वस्तू पाडल्या. त्या बहुधा खासगी किंवा संशोधनाच्या निरुपद्रवी वस्तू होत्या असे मग राष्ट्राध्यक्षांनाच सांगावे लागले. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी इंफाळ विमानतळावर न ओळखलेली वस्तू दिसली तेव्हा उड्डाणे काही तास थांबली, हवाई दलाची राफेल विमाने शोधाला गेली, हाती काही लागले नाही. सैन्याचा प्रश्न ‘धोका आहे का’ हा असतो आणि त्याला उत्तर मिनिटांत हवे असते. विज्ञानाचा प्रश्न ‘आहे काय’ हा. त्याला वर्ष लागले तरी चालते. दोघांनाही लागणारी टिपणे मात्र एकच.

हे सारे लोह्याच्या वाचकाला दूरचे वाटेल. तसे ते नाही. लोह्यापासून सरळ रेषेत सव्वादोनशे किलोमीटरवर हैदराबादला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे, म्हणजे टीआयएफआरचे, बलून केंद्र आहे. तिथून कित्येक दशके प्रचंड बलून आकाशात सोडले जातात. पातळ पॉलिथिनचे, हायड्रोजन भरलेले, वर गेल्यावर पन्नास मीटर आणि त्याहूनही जास्त व्यासाचे. ते ३० ते ४२ किलोमीटर उंची गाठतात. उड्डाणे सहसा हिवाळ्यात, रात्री ते पहाटे. काम झाले की यंत्रे रंगीत पॅराशूटने खाली येतात आणि ती हैदराबादपासून दोनशे ते साडेतीनशे किलोमीटरच्या टापूत कुठेही उतरू शकतात. संस्था उड्डाणांआधी ज्या जिल्ह्यांना सूचना देते त्यांत नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली हे सगळे येतात.

पहाटेच्या त्या पांढऱ्या गोळ्याचे कोडे इथे सुटू शकते. पस्तीस किलोमीटर उंचीवरच्या वस्तूला जमिनीच्या आधी साधारण वीस-पंचवीस मिनिटे सूर्य दिसतो. खाली शेतात काळोख असतो आणि वर बलून उन्हात चमकत असतो. डिसेंबर २०२२ मध्ये तेलंगणातल्या विकाराबाद जिल्ह्यात एका शेतात मोठा गोलसर डबा उतरला, तेव्हा यान आले म्हणून आसपासची गावे लोटली. तो एका स्पॅनिश कंपनीच्या अवकाश-पर्यटनाच्या चाचणीचा भाग होता, हैदराबादच्याच बलूनने नेलेला. जानेवारी २०२५ मध्ये लातूरच्या शेजारच्या बिदर जिल्ह्यात जलसंगी गावात असाच बलून उतरला आणि घबराट झाली.

गंमत अशी की या बलूनना ‘परग्रहावरचे’ म्हणणारे अगदीच रिकाम्या हाताने बोलत नाहीत. एप्रिल २००५ मध्ये याच केंद्रातून गेलेल्या एका बलूनने २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा निर्जंतुक केलेल्या पोलादी नळ्यांत भरून आणली होती. हेतू हाच, की पृथ्वीबाहेरून सूक्ष्मजीव येतात का ते पाहावे. या प्रयोगामागे डॉ. जयंत नारळीकर होते. नमुने हैदराबाद आणि पुण्याच्या प्रयोगशाळांत वेगवेगळे तपासले गेले. त्यांत जीवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्या. एकीला आर्यभटाचे, एकीला इस्रोचे आणि एकीला खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांचे नाव दिले गेले. पण ते पृथ्वीबाहेरून आले असे सिद्ध होत नाही, हे इस्रोने निकाल जाहीर करतानाच सांगितले. नारळीकरांनी आयुष्यभर मराठी वाचकाला परग्रहाच्या कथा सांगितल्या, आणि प्रयोगशाळेत मात्र कथेला पुराव्याच्या जागी बसू दिले नाही.

बलून उतरतो तो पॅराशूटने, हळू. प्रत्येक वस्तू इतकी सभ्य नसते. २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशातल्या असंख्य लोकांनी आकाशात जळत जाणारी रेघ पाहिली. थोड्याच वेळात चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात सुमारे दहा फूट व्यासाचे धातूचे कडे पडले. आसपासच्या गावांत पोकळ गोळे सापडले. ते चीनच्या ‘लाँग मार्च’ जातीच्या रॉकेटचे अवशेष असल्याचे कक्षेच्या हिशेबावरून सांगण्यात आले. सुदैवाने कुणी दगावले नाही. लोकांनी त्या तुकड्यांना हात लावले, फोटो काढले. काही रॉकेटांत हायड्रॅझीनसारखे जहाल विषारी इंधन असते आणि टाकीत त्याचा अंश उरू शकतो, ही गोष्ट तिथे उभ्या असलेल्या मुलाबाळांना कुणी सांगितली असण्याचा संभव कमी. टीआयएफआरच्या काही यंत्रांतही उच्च दाबाची वीज असते. म्हणून त्यांच्या सूचनेत हात न लावता पोलिसांना कळवा, कळवणाऱ्याला बक्षीस मिळेल, असे लिहिलेले असते. ते बक्षीस मिळते हेच बहुतेकांना ठाऊक नाही.

समजा, तसले कडे उद्या लोह्यातल्या एखाद्या गोठ्यावर पडले. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार जमिनीवर झालेल्या नुकसानीची भरपाई रॉकेट सोडणाऱ्या देशाने द्यायची असते, चूक कुणाची हे न पाहता. भारत आणि चीन दोघेही या करारात आहेत. १९७८ मध्ये अणुभट्टी असलेला सोव्हिएत उपग्रह कॅनडाच्या बर्फात कोसळला, तेव्हा कॅनडाने साठ लाख डॉलर मागितले आणि १९८१ मध्ये तीस लाख मिळवले. पण हा दावा शेतकऱ्याने करायचा नसतो, भारत सरकारने करायचा असतो. आणि तो नुकसान झाल्यापासून किंवा जबाबदार देश कळल्यापासून एका वर्षात. त्यासाठी वस्तू कधी पडली, कुठे पडली, कुठल्या दिशेने आली, नुकसान काय झाले, याचा कागद लागेल. पीकविम्याची सूचना ७२ तासांत द्यायची असायची तेव्हा हा नियम मराठवाड्याच्या शेतकऱ्याला पाठ होता. आकाशातून पडलेल्या लोखंडाचा पंचनामा कोणत्या नमुन्यात करायचा, हे तलाठ्याला कुणी सांगितले आहे?

सैन्याचा आणखी एक धडा आहे, लपवाछपवीचा. १९४७ मध्ये अमेरिकेत रॉसवेलजवळ एका गुराख्याला रानात चमकदार कागद आणि काड्यांचा ढिगारा सापडला. लष्कराने आधी ‘उडती तबकडी’ म्हटले, लगेच ‘हवामानाचा फुगा’ म्हटले. तो सोव्हिएत अणुचाचण्यांवर कान ठेवणाऱ्या एका गुप्त प्रकल्पाचा बलून होता हे हवाई दलाने १९९४ मध्ये सांगितले. तोवर सत्तेचाळीस वर्षे लोटली होती आणि रॉसवेलच्या कथेला कुठल्याही अहवालाची गरज उरली नव्हती. हैदराबादच्या बलूनमध्ये लपवण्यासारखे काही नाही. तरी त्याची सूचना जिल्ह्याच्या कचेरीत येते आणि बहुधा तिथल्याच फाइलीत राहते.

ही सूचना मराठीत, चित्रासह, लोहा, कंधार, अहमदपूर, जळकोट या तालुक्यांतल्या ग्रामपंचायतींच्या फलकावर दिवाळीनंतर लागली पाहिजे. माळेगावच्या यात्रेत जिल्हा परिषदेचे दालन असते. खंडोबाच्या दर्शनाला आलेला शेतकरी तिथून बी-बियाण्यांची माहिती घेऊन जातो, तसे हे पत्रकही नेईल. पोलीस पाटलाकडे एका पानाचा नमुना असावा. त्यात रकाने चार पुरेत: मोबाइलच्या घड्याळातली वेळ, दिशा, उंची आणि किती वेळ दिसले. उंची मोजायला यंत्र लागत नाही. हात सरळ लांब करून मूठ धरली की ती आकाशात साधारण दहा अंश व्यापते. क्षितिजापासून किती मुठी, एवढे लिहावे. फोटोत विजेचा खांब किंवा छपराची कड आवर्जून यावी, म्हणजे ठिपका हलतो की डोळा ते कळेल. पडलेली वस्तू असेल तर तिच्यापासून लांब राहून ११२ वर किंवा जिल्हा आपत्ती कक्षाच्या १०७७ वर कळवावे.

आणि नमुन्यात ‘नाव गुप्त ठेवावे का’ असा पाचवा रकाना घालायलाही हरकत नाही. अमेरिकेच्या लढाऊ वैमानिकांना जिथे हसण्याची भीती वाटली, तिथे रात्री अडीचला पाणी द्यायला गेलेल्या शेतकऱ्याला चावडीवरच्या हसण्याची भीती वाटणारच.